दीड वर्षाच्या बाळाला बर्फात न्यायचं का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो, माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. नाताळच्या सुट्टीत मिस्टरांना आठवडाभर रजा मिळायलीय आणि आम्हा दोघांना लग्नापासनं बर्फ बघायचाय, म्हणून मनालीचं ठरवायलोय. ट्रॅव्हलवाल्यानं ४ रात्री ५ दिवसांचा प्लॅन दिलाय, पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सोलंग, अटल टनेल, सिस्सू सगळं एका दमात. पण सासूबाई म्हणायल्यात की एवढ्याशा लेकराला बर्फात नेऊन न्यूमोनिया करून आणायचाय काय. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या कापराची पुरचुंडी गळ्यात बांध, वर श्वासाचा त्रास होत नाही. दोन्हीकडनं ऐकून डोकं चालेना झालंय. नेऊ का नको? आणि त्याला यातलं काहीच आठवणार नाही, मग एवढा खर्च करावा का, असंही वाटतं.
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : अगं ने, खुशाल ने. पण तो ट्रॅव्हलवाल्याचा प्लॅन आहे तसा घेऊन जाऊ नकोस. तो नव्या जोडप्यांचा प्लॅन आहे, त्यात बाळ कुठंच नाही.

आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांची काळजी खोटी नाही, फक्त कारण वेगळं आहे. न्यूमोनिया जंतूंमुळं होतो, बर्फाला हात लावला म्हणून होत नाही. थंडीत माणसं खिडक्या बंद करून एका खोलीत बसतात, एकजण खोकत असतो आणि बाकीच्यांना लागण होते, हिवाळ्यात पोरं आजारी पडतात त्यात याचा मोठा वाटा आहे. पण लहान अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते हे शंभर टक्के खरंय, कारण वजनाच्या मानानं त्यांच्या अंगाचं क्षेत्रफळ जास्त असतं, आणि पोरगं काखेत नाहीतर गाडीत बसून असेल तर हालचाल नाही म्हणून अजूनच गारठतं. त्यामुळं सासूबाईंना सांग, नेणार आहे पण तुमचं ऐकून नेणार आहे. जायच्या महिना-दीड महिना आधी बाळाच्या डॉक्टरांना भेट, फ्लूची लस राहिली असेल तर विचार, कारण पहिल्यांदा घेणाऱ्या लहान मुलांना महिन्याच्या अंतरानं २ डोस लागतात, आयत्या वेळी जमत नाही.

आता उंची. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. मनाली साधारण २,०५० मीटर, म्हणजे पन्हाळ्याच्या दुप्पट. सोलंग अडीच हजाराच्या आसपास, आणि अटल टनेलच्या पलीकडं सिस्सू ३,१०० मीटरच्या घरात, तिथं हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं सत्तर टक्क्यांच्या आसपासच अंगाला मिळतो. हा टनेल ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९ किलोमीटर लांब आहे, आणि त्यानं झालं काय तर जी चढण पूर्वी अर्धा दिवस खायची ती आता तासाभरात होते. गाडीला बरं, बाळाच्या अंगाला नाही. मोठं माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगतं, दीड वर्षाचं पोरगं काय सांगणार, ते नुसतं किरकिर करतं, खात नाही, उलटी करतं, झोपत नाही, आणि आपण म्हणतो दात यायले असतील. वर गेल्यावर असं काही दिसलं तर दात-बित न म्हणता उंचीचंच आहे असं धरून चालायचं आणि खाली यायचं. खाली उतरणं हाच त्यावरचा पहिला इलाज, पोरगं सुस्त वाटलं किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिले दोन दिवस मनालीतच काढा. बाजारात हिंडा, देवदारात जा, हिडिंबेच्या देवळात जा, पोराला झोपू दे. तिसऱ्या दिवशी सोलंग. सिस्सू सोडूनच दे, मी तरी सोडेन. तिथं असं काय आहे जे पोराला सोलंगला मिळणार नाही? त्याला बर्फ हवाय, टनेल नकोय. आणि वर अडकायची भीती वेगळीच, २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर बर्फ पडला आणि सोलंग ते टनेलच्या मध्ये शेकडो गाड्या अडकून पडल्या होत्या. त्यात मांडीवर बाळ, डायपर ओला आणि थर्मासमधलं पाणी संपलेलं असं नुसतं मनात आणून बघ.

आणि जमलं तर नाताळ टाळ बाई. मनाली गावात भरवशाचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत असतो, भूमध्य समुद्राकडनं येणारे पश्चिमी वारे जसे येतील तसा तो पडतो, डिसेंबरात बऱ्याचदा नुसती कोरडी थंडी आणि गर्दी, बर्फ बघायला वरच जावं लागतं. तुझ्या पोराला अजून शाळा नाही, हे भाग्य आणखी दोन वर्षंच आहे. मिस्टरांची रजा फेब्रुवारीत सरकवता आली तर गर्दी कमी, रूम स्वस्त, आणि कदाचित हॉटेलच्या अंगणातच बर्फ मिळेल.

कापराचं मात्र कडक सांगते, अजिबात नको. कापूर हुंगून प्राणवायू वाढत नाही. वास झोंबतो म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. आणि गळ्यात पुरचुंडी म्हटल्यावर दीड वर्षाचं पोरगं ती तोंडात घालणारच, कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. छातीला चोळायची कापराची मलमंसुद्धा २ वर्षांच्या आत नकोत. काकूंनी मायेनं सांगितलंय, त्यांना दुखवू नकोस, पुरचुंडी घे आणि देवघरात ठेव.

कपड्यांचं सोपं करून सांगते. आपल्याकडं गगनबावडा, राधानगरी भागात भातलावणीला माणसं घोंगड्याची खोळ घेऊन दिवसभर पावसात उभी राहायची, घोंगडं भिजलं तरी आत ऊब राहायची. लोकरीचा गुणच तो, भिजली तरी ऊब धरते. सुती कपडा उलटा, भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून अंगालगत सुती बनियन नको, पातळ थर्मल घाल, त्यावर लोकरीचा स्वेटर नाहीतर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आत न येणारं. आपण जेवढं घातलंय त्यापेक्षा पोराला एक थर जास्त. हातमोजे पाच बोटांचे घेऊ नको, अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे घे, बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि जोड्या तीन तरी पाहिजेत कारण पहिली जोडी दहा मिनिटांत चोखून ओली होते. बूट थोडे सैल. सोलंगच्या वाटेवर भाड्यानं ड्रेस आणि गमबूट देणारी दुकानं ओळीनं आहेत, मोठ्यांनी तिथनं घ्या, पण एवढ्या लहान मापाचं नीट मिळेल याची खात्री नसते आणि आदल्या गिऱ्हाइकाचं ओलं मिळालं तर उपयोग काय, तेव्हा बाळाचं इथनंच घेऊन जा. थंडीत स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी लोकांकडं लोकरीची कानटोपी चांगली मिळते. आणि गाडीत बाळाची सीट वापरणार असशील तर जाडजूड जाकीट काढून पट्टा लाव, वरनं पांघरूण घाल, जाकिटावरनं लावलेला पट्टा सैल राहतो.

पोराला थंडी वाजतेय का हे हातावरनं बघू नको, लहान मुलांचे हात गारच लागतात. मानेमागं, स्वेटरच्या आत बोटं घाल. तिथं गार लागलं की खेळ बंद, सरळ आत. गाल, नाक, कान किंवा बोटं पांढरी, कडक झाली तर चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही. आपल्या काखेत, पोटाशी धरून ऊब द्यायची नाहीतर कोमट पाण्यात बुडवायची. रंग परत आला नाही तर डॉक्टर. पण बाहेर वीस-पंचवीस मिनिटंच काढलीत, मग आत येऊन दूध, कपडे बदल, पुन्हा वाटलं तर पुन्हा वीस मिनिटं, असं केलंत तर ही वेळ बहुतेक येणारच नाही.

आता जे सांगतेय ते जरा नीट वाच, मिस्टरांनाही वाचायला दे. आमची थोरली २० महिन्यांची असताना आम्ही फेब्रुवारीत मनालीला गेलो होतो. रात्री पारा शून्याच्या खाली, खोलीतला हीटर बंद पडलेला. हॉटेलच्या पोरानं लोखंडी घमेल्यात फुललेले कोळसे आणून ठेवले, आम्हाला वाटलं केवढी काळजी घेतात, आणि ऊब जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. रात्री दोनच्या सुमाराला माझं डोकं ठणकायला लागलं म्हणून जाग आली, उठायला गेले तर पाय लटपटले, आणि पोरगी हलवली तरी डोळे उघडेना, मान एका बाजूला पडलेली. ह्यांनी उठून खिडकी ढकलली, ती बर्फानं धरली होती, दुसऱ्या धक्क्याला उघडली. आम्ही रजईत पोरीला गुंडाळून गॅलरीत उभे राहिलो, किती वेळ ते माहीत नाही, ती रडली तेव्हा कळलं की वाचलो. तेव्हा लगेच दवाखान्यात जायला हवं होतं, गेलो नाही, ती चूक आजही मला टोचते. कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो, आणि पोरांचा श्वास जलद असतो म्हणून त्यांना आधी बाधतो. तेव्हा कोळशाची सिगडी, अंगीठी, गॅसचा हीटर, काहीही जळणारं झोपायच्या खोलीत नको म्हणजे नको. न्हाणीघरातला गॅस गिझरही तसाच. बुकिंग करतानाच फोनवर विचार, विजेचा ऑइल हीटर आहे का, लाईट गेली तर जनरेटरवर चालतो का. नाही म्हणाले तर दुसरं हॉटेल बघ.

राहिलं आठवणीचं. आमच्या पोरीला त्यातलं काही आठवत नाही, बरोबर. पण तिनं पहिल्यांदा बर्फ बघितला तेव्हा मूठभर उचलून माझ्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाली "मम्म". तिला तो भात वाटला. मग तिचं लक्ष स्वतःच्या बुटाच्या खुणेकडं गेलं, पाय उचलला, खूण बघितली, परत त्याच खुणेत पाय ठेवला, परत उचलला. वीस मिनिटं नुसतं तेवढंच. आजूबाजूला लोक स्कूटरवर, घसरगाडीवर ओरडत होते, आम्ही दोघं त्या एका खुणेकडं बघत बसलो होतो. ती आता नववीत आहे, ती खूण आम्हाला दोघांना अजून दिसते. तिला नाही, आम्हाला. माझ्या हिशोबानं तो खर्च वसूल आहे.

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे, दोन वर्षांची मुलगी आहे. मित्र म्हणतोय मनालीला स्वतःची गाडी घेऊन जाऊ, मजा येईल. घरात म्हणतात ट्रेन बरी. तुमचं काय मत?
— एक बाबा

उत्तर : दादा, स्वतःची गाडी नको. दोन हजार किलोमीटरच्या वर एका बाजूचं अंतर आहे, त्यातनं शेवटचा घाट बर्फाचा, आणि बर्फावर गाडी चालवणं हे आंबा घाटात पावसात चालवण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. बर्फ पडल्यावर वरच्या रस्त्याला फोर बाय फोर किंवा चाकांना साखळी बांधलेल्या गाड्याच सोडतात, तिथली माणसं आणि तिथलीच गाडी घ्या.

ट्रेननं जायचं तर कोल्हापूरहून दिल्लीला जाणारी निजामुद्दीन एक्सप्रेस आठवड्यातनं एकदाच आहे, मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोज मिळते. पोरीला ट्रेन आवडेल, हिंडायला मिळतं. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास लेट होतात, विमानंसुद्धा, त्यामुळं पुढचं बुकिंग त्याच दिवसाचं करू नका. दिल्लीत मुक्काम टाळता आला तर टाळा, त्या दिवसांत तिथली हवा पोरांच्या छातीला वाईट. पैशाचं जमत असेल तर पुण्याहून विमानानं चंदीगड, तिथनं मनाली साधारण ३०० किलोमीटर. एका दिवसात होतं, पण मी म्हणेन मंडीला एक रात्र काढा, मंडी पन्हाळ्यापेक्षाही खाली आहे, पोरगी ताजी राहते आणि वळणाचा रस्ता दुसऱ्या दिवशी उजेडात होतो. विमान उतरताना तिला दूध किंवा पाणी प्यायला द्या, गिळत राहिली की कान दुखत नाहीत.

आणि बर्फात गाडी अडकलीच तर एक लक्षात ठेवा. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपायचं नाही. मागं सायलेन्सर बर्फानं बुजला की धूर आत येतो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी गावाजवळ अशाच अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, काही थंडीनं, काही ह्या धुरानं, लहान मुलंही होती त्यात. उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, इंजिन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, आणि एक काच दोन बोटं खाली.

प्रश्न : बर्फात बाळाला गॉगल आणि सनस्क्रीन लावायला सांगतात, थंडीत ऊन कुठं लागतंय? उगाच फॅड वाटतं.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : फॅड नाही हो. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरनं पण आणि खालनं पण. शिवाय दर हजार मीटरला ही किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. हवा गार म्हणून चटका कळत नाही, संध्याकाळी गाल टोमॅटोसारखे होतात आणि डोळ्यांतनं पाणी येतं. ६ महिन्यांच्या वरच्या बाळाला सनस्क्रीन चालतं, हनुवटीच्या खालनंसुद्धा लावा. गॉगल रस्त्यावरचा खेळण्यातला नको, अतिनील किरणं अडवणारा घ्या, मागनं पट्टा असलेला, म्हणजे ओढून फेकत नाही. घरात आठवडाभर आधीपासनं घालायची सवय करा, तिथं जाऊन पहिल्यांदा घातला तर दोन मिनिटं टिकणार नाही.

प्रश्न : मी कागलची. लेक-जावई फेब्रुवारीत काश्मीरला निघालेत, नातू १० महिन्यांचा. मलाही बरोबर चला म्हणतात. मी जाऊ का, आणि बाळाला खायला काय करून नेऊ? सर्दीसाठी आलं-मध आणि खोकल्याचं औषध पिशवीत ठेवलंय.
— एक आजी

उत्तर : मावशी, तुम्ही जरूर जा. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर एकदा डॉक्टरांना विचारून जा, पण जा. बाळाला घेऊन खाली गरम खोलीत बसायला तुम्ही असलात तर लेक-जावयाला तासभर वर जाऊन येता येईल. श्रीनगर दीड हजार मीटरच्या थोडं वर, तिथं बाळाला काही त्रास नाही. गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटर, तिथं दिवसापुरतं ठीक. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जवळपास ४,००० मीटरवर जातो, तिथं बाळाला नेऊ देऊ नका, जावईबापूंनी कितीही आग्रह केला तरी. आणि काश्मिरात फेरनच्या, म्हणजे तिथल्या ढगळ झग्याच्या, आत कांगडी घेतात, निखारे असतात त्यात, रांगतं पोरगं आणि कांगडी एका खोलीत नको. झोपताना तर नकोच.

मध पिशवीतनं काढा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही, त्यात कधीकधी असे जंतू असतात की बाळाच्या आतड्यात विष तयार करतात, पूर्वी सगळे चाटवायचे हे खरंय पण आता देऊ नका. खोकल्याचं औषधही काढा, २ वर्षांखालच्या मुलांना कफ सिरप देऊ नका असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०२५ च्या ऑक्टोबरात सगळ्यांना कळवलंय. त्याऐवजी नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, आणि तापाचं औषध बाळाच्या वजनाप्रमाणं डॉक्टरांकडनं लिहून घ्या.

खायला तुमच्या हातचंच न्या. नाचणीचं सत्व आणि भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ, दोन डब्यांत. गरम पाणी घातलं की पाच मिनिटांत होतं आणि हॉटेलच्या किचनवर अवलंबून राहावं लागत नाही. भाजलेल्या तांदळाची कणी न्या, तिथं नुसती उकळून घेता येते, वरनं घरचं तूप. तूप तिथं दगडासारखं गोठतं, तेव्हा काचेच्या बरणीत नको, स्टीलच्या छोट्या डबीत न्या, गरम पाण्यात धरली की सुटतं. थर्मास दोन घ्या, एक खाण्याचा आणि एक नुसत्या पाण्याचा. थंडीत बाळ पाणी मागत नाही पण अंगातलं पाणी कमी होत असतं, तेव्हा अंगावरचं दूध चालू असेल तर लेकीला सांगा मागेल तेव्हा पाज, आणि लेकीला दर दोन तासांनी काहीतरी गरम प्यायला तुम्ही द्या, ती स्वतःहून घेणार नाही. घरात पट्टणकोडोलीच्या जत्रेतलं जुनं घोंगडं असेल तर तेही न्या मावशी, जड होईल, पण गाडीत बाळाच्या पायावर घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.